न बोलणाऱ्या मुलांचं बोलणं: एएसीबद्दल गोव्यातले पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी विशेष शिक्षिका आहे. डिचोली आणि पेडणे भागातल्या शाळांत जाते, गरज असेल तिथे मुलांच्या घरीही जाते. पालकांचे फोन बहुतेक रात्री जेवणं आटोपल्यावर येतात आणि प्रश्न पुष्कळदा तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत.

एएसी म्हणजे नेमकं काय?

ज्याला तोंडाने बोलता येत नाही, किंवा येतं पण ते दुसऱ्याला कळत नाही, त्याच्या बोलण्याला जोड देणारी किंवा बोलण्याची जागा घेणारी साधनं आणि पद्धती. मराठीत ‘पूरक आणि पर्यायी संवाद’ असं लिहितात, पण थेरपी सेंटरमध्ये सगळ्यांच्या तोंडी एएसीच असतं. खुणा, हावभाव, नजर हे त्यात येतंच. शिवाय चित्रांचा फलक, संवाद वही, बटण दाबलं की बोलणारं यंत्र, टॅबवरचं अ‍ॅप. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे शरीराच्या हालचालींवर नीट ताबा नसणं), ऑटिझम, डाउन सिंड्रोम, मेंदूला झालेली इजा अशा अनेक कारणांनी मुलांना त्याची गरज पडते.

बोलता न येणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईच्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. एका बोटाने टाइप करून त्या यंत्राकडून बोलून घेतात, आणि लंडनमधून त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आहेत. प्रत्येक मूल तिथवर पोचेल असं मी म्हणत नाही. पण ‘याला काही कळत नाही’ हे वाक्य मुलासमोर बोलण्याआधी त्यांची आठवण ठेवा.

फलक हातात दिला तर तो बोलायचा प्रयत्नच सोडून देईल ना?

नाही. ही भीती मी जवळपास प्रत्येक आईच्या तोंडून ऐकली आहे आणि ती अगदी समजण्यासारखी आहे. पण पुरावा उलटा आहे. 2006 मध्ये या प्रश्नावरच्या जुन्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या सर्वांत भक्कम अभ्यासांमधल्या 27 जणांची नोंद पाहिली, तर एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं, काहींचं होतं तेवढंच राहिलं. ‘थोडंफार’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. फलक घेतला की मूल बोलायला लागतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण फलकामुळे बोलणं अडतं, यावरही ठेवू नका.

मूल तोंडाने बोलण्याची वाट बघत आपण दोन-तीन वर्षं घालवतो. त्या दोन-तीन वर्षांत त्याला पोट दुखतं, भीती वाटते, राग येतो, आणि ते कोणाला सांगता येत नाही. मग ते चावतं, डोकं आपटतं, आणि आपण म्हणतो, मूल हट्टी आहे.

तो अजून चित्रं ओळखत नाही. आधी ती शिकवू, मग फलक देऊ का?

असं थांबू नका. एएसी सुरू करायला वयाची, बुद्ध्यंकाची किंवा ‘आधी एका जागी बसता आलं पाहिजे’ अशी कोणतीही अट नाही. तान्ह्या बाळाशी आपण बोलतो तेव्हा त्याला आधी शब्द ओळखून दाखव असं म्हणतो का? बोलत राहतो, आणि त्यातूनच त्याला शब्द कळतात. चित्रांचंही तसंच आहे.

मात्र दोन तपासण्या लवकर करून घ्या, कानांची आणि डोळ्यांची. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांचे डोळे ठीक असतात, पण डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत नीट पोचत नाही. अशा मुलापुढे वीस चित्रांचं रंगीबेरंगी पान ठेवलं की ते तोंड फिरवतं आणि आपल्याला वाटतं त्याला रस नाही. काळ्या पार्श्वभूमीवर एक किंवा दोनच मोठी चित्रं ठेवून बघा.

फलकावर कोणते शब्द हवेत?

पहिला फलक करताना बहुतेक जण फळं, भाज्या, प्राणी आणि रंग लावतात. तो फलक नव्हे, बालवाडीचा तक्ता झाला. ‘हत्ती’ दाखवून मूल काय मिळवणार? दिवसभरात आपण सगळे जे बोलतो त्यातला फार मोठा भाग मोजक्या दोन-चारशे शब्दांनी भरलेला असतो. इंग्रजीतल्या अभ्यासांत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या आसपास सापडलं आहे. हे शब्द नावं कमी आणि क्रियापदं, सर्वनामं, ‘अजून’, ‘पुरे’, ‘तिकडे’, ‘कोण’ असले जास्त असतात. त्यांना गाभ्याचे शब्द म्हणतात.

आता मराठीची गोष्ट. इंग्रजी फलकाचं नुसतं भाषांतर करून चालत नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. इंग्रजीत एक ‘नो’ पुरतो. आपल्याकडे ‘नको’ वेगळं आणि ‘नाही’ वेगळं. पेज नको आणि पेज नाही यांत केवढा फरक! फलकावर दोन्ही हवेत, आणि त्यांची चित्रंही वेगळी हवीत. तसंच ‘मी’ आणि ‘मला’. आपण मला भूक लागली, मला आवडतं, मला दुखतंय, मला येतं असं म्हणतो. मराठी मुलाला ‘मी’पेक्षा ‘मला’ची गरज आधी आणि जास्त पडते. क्रियापद शेवटी येत असल्याने मी फलकाच्या डाव्या कडेला माणसं, मधे वस्तू आणि जागा, उजवीकडे क्रिया अशी मांडणी करते, म्हणजे बोट डावीकडून उजवीकडे सरकत गेलं की वाक्य होतं. मुलीच्या फलकावर ‘जाते’, ‘खाते’ लिहा. आठ वर्षांच्या मुलीच्या वतीने यंत्र ‘मी जातो’ म्हणतं तेव्हा तिला ते खटकतं, आपल्याला खटकलं नाही तरी.

चित्रांसाठी स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारने केलेला अ‍ॅरासॅक हा संग्रह फुकट आहे आणि क्रियांसाठी फार उपयोगी आहे. खाण्यापिण्यासाठी मात्र मोबाइलवर स्वतः फोटो काढा. उकड्या तांदळाची पेज, हुमण, सोलकढी, पदेराची म्हणजे पाववाल्याची सायकल, तुमचाच उंबरठा, तुमचीच बस. परक्या फोटोतली वाटी आपली वाटत नाही.

घरी कोंकणी, शाळेत मराठी, पाट्या इंग्रजीत. फलक कोणत्या भाषेत करू?

ज्या भाषेत आई त्याला झोपवते त्या भाषेने सुरुवात करा. गोव्यात हा प्रश्न येणारच. घरात ‘म्हाका जाय’, वर्गात ‘मला पाहिजे’. आपल्याकडची धडधाकट मुलं या दोन भाषांत दिवसाला शंभरदा ये-जा करतात. मग ज्याला बोलता येत नाही त्याच्यावरच ‘गोंधळ होईल, एकच भाषा ठेवा’ अशी सक्ती का?

माझी रीत अशी: चित्र एकच, जागा तीच, खाली दोन ओळी. वर मराठी, खाली कोंकणी, दोन्ही देवनागरीत. ‘नको’च्या खाली ‘नाका’, ‘पुरे’च्या खाली ‘पुरो’. आजी बोट ठेवते तेव्हा कोंकणीत म्हणते, बाई ठेवतात तेव्हा मराठीत. मूल चित्राची जागा लक्षात ठेवतं. म्हणूनच चित्रांच्या जागा सारख्या बदलू नका. रोज सकाळी स्वयंपाकघरातले डबे कोणी इकडचे तिकडे केले तर आपला हात कसा अडेल, तसं त्याचं होतं.

फलक देऊन दोन महिने झाले. तो हातही लावत नाही. काय चुकतंय?

बहुधा फलक मुलापुढे ठेवून तुम्ही वाट बघत आहात. किंवा ‘दाखव बघू, पाणी कुठे आहे?’ अशी परीक्षा घेत आहात.

फलक आधी आपण वापरायचा. ही एकच गोष्ट या पानावरून घेऊन गेलात तरी चालेल. बोलता बोलता आपलं बोट चित्रांवर जायला हवं. पाऊस आला तर ‘पाऊस’ आणि ‘आत’ यांवर बोट ठेवत म्हणा, ‘पाऊस आला, चल आत.’ दूध सांडलं, ‘अरेरे’. आजोबा घरी आले, ‘कोण आलं?’ प्रत्येक शब्दावर बोट ठेवायची गरज नाही, वाक्यातला एखादा महत्त्वाचा शब्द पुरे. त्याने तसंच करावं ही मागणी नाही, हातावर हात ठेवून करून घेणं नाही. साधी मुलं वर्षभर ऐकतात आणि मग पहिला शब्द उच्चारतात. चित्रांत बोलणारं माणूस या मुलाने दोन महिन्यांत किती वेळा पाहिलं, ते मोजून बघा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. माझ्या पहिल्या शाळेत फलक ‘खराब होईल’ म्हणून कपाटात राहायचा आणि थेरपीच्या अर्ध्या तासाला बाहेर यायचा. मी हरकत घेतली नाही. त्या मुलाला दिवसातून अर्धा तास तोंड होतं, बाकी वेळ नव्हतं. फलक मुलाजवळच हवा: गळ्यात, खुर्चीला, दप्तराला, जेवणाच्या जागी, न्हाणीघराच्या दाराला. लॅमिनेशन करून चारपाच प्रती काढून ठेवा. आपल्या पावसाळ्यात कागदाचा टिकाव लागत नाही, लॅमिनेशन करताना चारही कडा बंद ठेवायला सांगा.

तिसरी गोष्ट थांबण्याची. विचारल्यावर मनात सावकाश दहा आकडे मोजा. शरीर ज्याचं ऐकत नाही त्याला नजर वळवायला, बोट उचलायला तेवढा वेळ लागतोच. दहा सेकंद फार मोठे वाटतात. मधे बोलू नका, प्रश्न पुन्हा विचारू नका.

तो सारखा ‘नको’च दाखवतो. किंवा दिवसभर ‘खाऊ’.

अभिनंदन, त्याला कळलं आहे की चित्र दाखवलं की काहीतरी घडतं. आता ते घडू द्या. ‘नको’ म्हटलं आणि तरी घास तोंडात गेला, तर त्या शब्दाला काही किंमत उरत नाही आणि तो पुन्हा हात झटकू लागतो. औषध, दात घासणं अशा ठिकाणी ‘नको’ मानता येत नाही. तिथेही ‘तुला नको आहे, मला कळलं. औषध घ्यावंच लागेल. मग खेळू’ असं फलकावर बोट ठेवून सांगा. दुर्लक्ष केलं आणि ऐकून नकार दिला, यातला फरक मुलाला कळतो.

‘खाऊ’ दहादा दाखवला म्हणून ते चित्र काढून टाकू नका. ‘संपला’, ‘नंतर’, ‘जेवल्यावर’ ही चित्रं शेजारी लावा. बोलक्या मुलाने दहादा खाऊ मागितला म्हणून आपण त्याच्या तोंडाला चिकटपट्टी लावत नाही.

चित्र काढून हातात देण्याची पेक्स ही पद्धत काही केंद्रांत शिकवतात. 1985 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत मागण्या शिकवायला चांगली आहे. पण माणूस फक्त मागण्यासाठी बोलत नाही. तक्रार, गंमत, प्रश्न, ‘ते बघ’, ‘मला कंटाळा आला’ हे सगळं हवं. तेवढ्यावर थांबू नका.

हात अजिबात चालत नाहीत. मग?

नजर चालते का? जाड पारदर्शक प्लास्टिकचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या, मधे चेहरा दिसेल एवढा चौकोन कापा, चार कोपऱ्यांत चार चित्रं लावा. तो मधे धरून समोरासमोर बसा आणि मूल कुठे बघतं ते पाहा. तेही जमत नसेल तर तुम्ही एकेका चित्रावर बोट ठेवत, नाव घेत जा. हव्या त्या चित्रावर मूल पापणी मिटतं, मान वळवतं किंवा आवाज काढतं. ‘हो’ची खूण एकदा ठरवा आणि घरात, शाळेत, गाडीवाल्या काकांनाही सांगा. स्टीफन हॉकिंग शेवटी गालाच्या एका स्नायूच्या हालचालीवर यंत्र चालवत होते.

याआधी बसणं सुधारा. पाय लोंबकळत असतील, कंबर घसरत असेल, तर मुलाची सगळी ताकद पडू नये यातच जाते. पायांखाली पाट द्या, बाजूला टॉवेलची गुंडाळी लावा. फिजिओथेरपिस्टना विचारा.

एका शाळेत मधल्या सुट्टीत पाहिलेलं सांगते. चौथीतली मुलगी, चाकाची खुर्ची, समोर तसाच पारदर्शक फलक. बाई विचारतात, ‘बाहेर जायचं?’ मुलगी ‘नको’कडे बघते. बाई थांबतात. मला वाटलं, संपलं. मुलीची मान हलत, डुलत, दोनदा चुकून शेवटी ‘ती’ या चित्रावर येते, आणि मग नजर दारात उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे. तिला बाहेर जायचं होतंच. खुर्ची बाईंनी नव्हे, मैत्रिणीने ढकलायला हवी होती.

अ‍ॅप घेऊ की कागदच बरा?

दोन्ही. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो हे अ‍ॅप फुकट आहे आणि ते मराठीतही चालतं. चेन्नईत तयार झालेलं आवाज हे अ‍ॅप भारतात बरंच वापरलं जातं. त्यात शब्दसंग्रह मोठा आहे, पण पैसे पडतात, आधी चाचणी काळात वापरून बघा. यंत्राचा मोठा फायदा म्हणजे आवाज. पाठमोऱ्या माणसालाही हाक मारता येते. कागदाला ते जमत नाही.

पण पावसात वीज गेली, टॅब पडला, समुद्रावर नेता आला नाही, तर मूल मुकं होता कामा नये. म्हणून त्याच मांडणीचा कागद नेहमी सोबत असू द्या. आणि ज्या टॅबवर बोलायचं, त्यावर कार्टून नको. शिक्षा म्हणून तर तो कधीच काढून घेऊ नका.

वर्गात तीस मुलं आहेत. मी एकटी बाई. हे कसं जमवू?

तुमची ओढाताण मला दिसते, म्हणून जमेल तेवढंच सांगते. फळ्याशेजारी एक मोठा फलक लावा आणि सगळ्या वर्गाशी बोलताना तो वापरा. वेगळा वेळ लागत नाही, आणि बाकीची मुलं आठवड्याभरात तो शिकतात. तीच तुमची मदतनीस होतात. हजेरीला त्याचं नाव घेऊन थांबा. ‘हो’ की ‘नाही’ एवढ्यावर निभणारे प्रश्नच सतत विचारू नका. कवितेची परत परत येणारी ओळ एका बटणात ध्वनिमुद्रित करा, ती ओळ आली की ते बटण तो दाबेल. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतल्या विशेष शिक्षकांना शाळेत बोलवायला मुख्याध्यापकांमार्फत मागणी करा.

आणि अक्षरं शिकवाच. चित्रं आहेत म्हणून वाचन नको, असं नसतं. चित्रांत जे नाही ते फक्त अक्षरांनीच सांगता येतं. बाराखडीचा फलक पहिलीपासून बाकावर असू दे.

हात धरून अक्षरांवर बोट लावलं की तो मोठी मोठी वाक्यं लिहितो. हे खरं का?

इथे मला कठोर व्हावं लागतं. दुसऱ्याने हात, मनगट किंवा कोपर धरलेलं असताना आलेले शब्द बहुतेक वेळा धरणाऱ्याचे असतात, त्याच्याही नकळत. मुलाला एक चित्र आणि धरणाऱ्याला दुसरं दाखवून तपासलं, तेव्हा उत्तर धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचं आलं. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं आहे की ही पद्धत वापरू नये. आईबापांची आशा मला कळते. पण त्यात मुलाचा स्वतःचा शब्द हरवतो. जे थोडं का होईना, त्याचं त्याने दाखवलेलं असू द्या.

कायद्याने काय मिळतं?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच एएसी आहे, आणि कलम 17 नुसार त्याच्या वापराला चालना देणं हे सरकारचं आणि स्थानिक प्राधिकरणांचं काम आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, आधी काढा, पुढची बहुतेक दारं त्यानेच उघडतात. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, 1 लाख रुपयांपर्यंतची. थेरपीचा काही खर्चही त्यातून निघतो. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून दिव्यांगांना दरमहा अर्थसाहाय्य मिळतं. परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेमार्फत वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा, आणि मूल रोज ज्या साधनाने उत्तर देतं तेच साधन परीक्षेत मागा.

दाखवायचं कुठे?

बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा इस्पितळं, पर्वरीचं संजय स्कूल (विशेष शाळा) ही सुरुवातीची ठिकाणं. स्पीच थेरपिस्ट किंवा विशेष शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, त्यात संकोच नको. पणजीत 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला. पुन्हा भरेल तेव्हा मुलाला घेऊन जा. यंत्र वापरून बोलणारी मोठी माणसं मुलाला आणि तुम्हालाही भेटायला हवीत.

शरीराच्या अवयवांचे शब्द फलकावर ठेवायला लाज वाटते. ठेवायलाच हवेत का?

हवेतच. न बोलणारं मूल सांगू शकत नाही, हे वाईट नजरेच्या माणसालाही ठाऊक असतं. लघवीची जागा, छाती, ‘हात लावला’, ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’, ‘कोणी?’, आणि घरातल्या, शाळेतल्या, गाडीतल्या सगळ्या मोठ्या माणसांचे फोटो. घरच्यांचेही. वहीत त्यांसाठी वेगळं पान करा, पण ते काढून ठेवू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम 26 नुसार जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची रीत जाणणाऱ्याची मदत घेता येते. म्हणजे मुलाकडे शब्द असतील तर ते ऐकण्याची सोय कायद्यात आहे. शब्द मात्र आपणच द्यायचे.

चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात पन्नास माणसं असतात. तेव्हाही वही काढायची का?

तेव्हा तर नक्कीच. सणाआधी एक पान तयार करा: माटोळी, आरती, नेवऱ्या, फुगडी, मामा, आत्या, ‘गर्दी’, ‘आवाज’, ‘बाहेर’, ‘पुन्हा’.

अकरा वर्षांचा एक मुलगा दरवर्षी चवथीला रडून आकांत करायचा. त्याला सण सोसत नाही असं घरच्यांनी धरून त्याला आतल्या खोलीत ठेवायला सुरुवात केली होती, आई त्याच्यासोबत. गेल्या वर्षी पान तयार होतं. अंगणात फटाक्यांची माळ लागली आणि त्याने ‘आवाज’, ‘नको’ दाखवलं. मामाने फटाके रस्त्यापलीकडे नेले. मग आरती सुरू झाली. आई त्याला उचलून आत न्यायला निघाली, तर त्याने वहीवर तळहात आपटला. ‘नको’. आणि थोड्या वेळाने, ‘पुन्हा’. घुमट वाजवणाऱ्या काकाला खेटून तो शेवटच्या आरतीपर्यंत बसून राहिला. रात्री आईने मला फोन केला तो ‘घुमटा’चं चित्र कुठे मिळेल हे विचारायला.